शंभर मनुष्यवर्षांचा हिशेब

आपल्या समाजातील जुन्या पेढ्यांवर गादी, लोड आणि चोपड्या यांच्या जोडीला आणखी एक वस्तू हमखास दिसे, ती म्हणजे गोदरेजची तिजोरी. बँकेच्या नोकरीत अशाच एका तिजोरीच्या किल्ल्या मीही अनेक वर्षे सांभाळल्या. विक्रोळीच्या ज्या आवारात गोदरेजची कुलुपे आणि कपाटे बनली, देशाच्या १९५१-५२ च्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीच्या मतपेट्या बनल्या, त्याच आवारात गेली कित्येक वर्षे रॉकेटचे इंजिनही घडवले जाते, हे मात्र आपल्यापैकी फार थोड्यांना ठाऊक असेल. त्या इंजिनाचे नाव 'विकास'. भिवंडीहून कशेळी आणि माजिवडा ओलांडून पूर्व द्रुतगती मार्गाला लागले की विक्रोळी तासाभराच्या अंतरावर आहे. अर्थात रस्ता मोकळा असेल तर, आणि तो कधी मोकळा असतो, हे भिवंडीकरांनीच सांगावे.

वाणिज्य शाखेचा पदव्युत्तर विद्यार्थी आणि नंतरचा बँक अधिकारी रॉकेटच्या इंजिनाविषयी लिहू लागला, तर वाचकांच्या भुवया उंचावतील. याचे कारण आमच्या घरात आहे. थोरल्या बंधूंची नात बारावीनंतर यंत्र अभियांत्रिकीला जाते म्हणाली आणि पुढे इंजिनांचेच काम करायचे, तेही रॉकेटच्या, असे तिने जाहीर केले. सुताच्या व्यापारात तीन पिढ्या घालवलेल्या घरात या घोषणेने जी शांतता पसरली, ती आपल्या वाचकांना समजावून सांगण्याची गरज नाही. बंधूंनी प्रश्न एकच विचारला. "यात मिळकत काय, आणि ती किती वर्षांनी?" प्रश्न व्यापाऱ्याचा होता आणि रास्त होता. उत्तर शोधण्याचे काम माझ्याकडे आले, कारण घरातला कागदपत्रे वाचणारा माणूस मी. त्या निमित्ताने जे वाचले, तपासले आणि मनात घोळवले, ते येथे मांडतो.

प्रथम हे यंत्र करते काय, ते पाहू. १४ जुलै २०२३ रोजी चांद्रयान-३ घेऊन श्रीहरिकोट्याहून एलव्हीएम-३ हे रॉकेट उडाले, तेव्हा आपण सर्वजण दूरचित्रवाणीसमोर बसलो होतो. चंद्राकडे सर्वांचे लक्ष होते. रॉकेटच्या पोटात शेजारी शेजारी जळणाऱ्या दोन 'विकास' इंजिनांकडे कोणाचे असणार? ती दोन इंजिने साधारण दोनशे सेकंद चालली, सुमारे ११० टन द्रव त्यांनी जाळले आणि काम संपताच समुद्रात पडली. म्हणजे प्रत्येक इंजिन सेकंदाला पाव टनाहून अधिक द्रव पिते. दहा हजार लिटरचा पाण्याचा टँकर आपल्या सोसायटीत रिकामा व्हायला किती वेळ लागतो, ते आठवावे. या इंजिनाला पाऊण मिनिट पुरेल.

इंधन आणि त्याला जाळणारा द्रव अशा दोन वेगवेगळ्या टाक्या असतात. हे दोन द्रव एकमेकांना भेटताच आपोआप पेटतात; काडी ओढावी लागत नाही, ठिणगी लागत नाही. सोपे वाटते, पण सारी अडचण पुढेच आहे. ज्या कोठीत ते जळतात तेथे वातावरणाच्या पन्नासपटीहून अधिक दाब असतो. अशा दाबाविरुद्ध द्रव आत ढकलायचा तर पंप तितकाच जबरदस्त हवा. 'विकास'चा पंप मिनिटाला सुमारे दहा हजार फेरे घेतो. आपल्या भिवंडीतल्या साध्या यंत्रमागाचा धोटा मिनिटाला दीडशेच्या आसपास वेळा इकडून तिकडे जातो आणि एवढ्यावरच आपले कान बधिर होतात. त्या कोठीतील ज्वाळांची उष्णता पोलाद वितळवण्यास पुरून उरते. म्हणून कोठीच्या भिंतीवरून आतल्या बाजूने इंधनाचाच एक पातळ पडदा सतत वाहता ठेवतात. जे जाळायचे तेच भिंतीचे रक्षणही करते. एक टनाहून कमी वजनाचे हे यंत्र पंचाहत्तर ते ऐंशी टनांचा रेटा देते.

आता हिशेबाकडे वळतो, कारण माझा खरा अधिकार तेथेच आहे.

हे इंजिन मूळचे फ्रान्सचे, तेथील नाव 'व्हायकिंग'. १९७४ साली इस्रोने फ्रेंच कंपनीशी करार केला. त्या कराराचे स्वरूप प्रथम वाचले तेव्हा मी चष्मा पुसून पुन्हा वाचले. भारताने तंत्रज्ञानाची किंमत रोख द्यायची नव्हती. भारताने द्यायची होती माणसांची वर्षे. इस्रोच्या अभियंत्यांनी फ्रान्समध्ये व्हर्नॉन येथे फ्रेंच इंजिनाच्या विकासकामात राबायचे, एकूण शंभर मनुष्यवर्षे. आणि त्या बदल्यात इंजिनाचे आराखडे भारताला मिळायचे. नंबी नारायणन यांच्या नेतृत्वाखाली चाळीसच्या आसपास तरुण अभियंते त्या कामात होते. फ्रान्सला युरोपच्या 'एरियान' रॉकेटसाठी इंजिन पुरे करण्याची घाई होती, मनुष्यबळ हवे होते. आपल्याकडे परकीय चलनाचा दुष्काळ होता, पण शिकलेली मुले होती.

व्यापारी माणसाला वस्तुविनिमय नवा नाही. धान्याच्या बदल्यात कापड आणि सुताच्या बदल्यात तागे आपल्या आजोबांच्या काळापर्यंत सर्रास चालत. येथे मात्र जे दिले तेच मिळाले, ही गंमत आहे. ज्या तासांत आपला अभियंता फ्रेंचांचे काम करत होता, त्याच तासांत तो स्वतः शिकत होता. मजुरी आणि विद्या एकाच घामातून. रोख पैसे मोजून आराखडे आणले असते तर कागद आले असते. कागदावर नसलेल्या गोष्टी आल्या नसत्या. कोणता सांधा किती आवळावा, चाचणीत कोणता आवाज आला की थांबावे, कोणती आकृती कागदावर बरोबर असूनही प्रत्यक्षात फसते, या गोष्टी आराखड्यात लिहिलेल्या नसतात. त्या शेजारी उभे राहूनच कळतात.

आम्ही बँकेत कर्जप्रकरण पाहताना यंत्रमागांची किंमत करत असू, घसारा वजा करत असू, गोदामातील सुताचे कोन मोजत असू. कारखान्यातील जॉबरची किंमत मात्र कोणत्याही रकान्यात बसत नसे. माग बिघडला की मालक सर्वांत आधी त्यालाच शोधतो, तरी ताळेबंदात त्याचे नाव नाही; त्याचा पगार खर्चात आणि त्याचे ज्ञान कोठेच नाही. लेखाशास्त्राची ही उणीव मी विद्यार्थिदशेत वाचली होती, पण १९७४ चा करार वाचून ती मला खऱ्या अर्थाने दिसली. ज्यांनी तो करार केला, त्यांनी ताळेबंदात नसलेली मालमत्ता तारण ठेवून भांडवल उभे केले.

आणि परतफेडीची मुदत? १९७४ मध्ये करार झाला. भारतात घडवलेले इंजिन १९८५ मध्ये व्हर्नॉनलाच नेऊन पेटवून पाहिले, ते उत्तम चालले. प्रत्यक्ष उड्डाणात ते प्रथम गेले २० सप्टेंबर १९९३ रोजी, पीएसएलव्हीच्या दुसऱ्या टप्प्यात. ते पहिले उड्डाण अन्य कारणाने फसले. 'विकास'ने आपले काम चोख केले. करारापासून उड्डाणापर्यंत १९ वर्षे. कोणत्याही बँकेच्या कर्जसमितीपुढे असा प्रस्ताव आला असता तर त्याचे काय झाले असते, हे मी सांगायला नको.

'विकास' या नावात विक्रम अंबालाल साराभाई यांच्या नावाची अक्षरे गुंफली असल्याचे नंबी नारायणन यांनी सांगितले आहे. साराभाई अहमदाबादच्या जैन गिरणीमालकांच्या घरातले, कॅलिको मिलवाल्यांचे चिरंजीव. रॉकेटकडे वळण्याआधी, १९४७ साली, त्यांनी कापडगिरण्यांसाठी 'अटिरा' ही संशोधन संस्था उभारण्यात पुढाकार घेतला होता, ही गोष्ट भिवंडीसारख्या कापडाच्या गावाने विसरू नये. २१ नोव्हेंबर १९६३ रोजी केरळातील थुंबा येथून पहिले रॉकेट उडाले, ते अमेरिकी बनावटीचे होते. ३० डिसेंबर १९७१ रोजी, वयाच्या अवघ्या ५२ व्या वर्षी साराभाई गेले. ज्या इंजिनात त्यांचे नाव आहे, त्याचा करारसुद्धा त्यांनी पाहिला नाही.

यशाच्या कथा सांगणे सोपे असते. बंधूंना मात्र मी बुडीत खात्यांविषयीही सांगितले. २३ मे १९८० रोजी एरियानचे दुसरे उड्डाण फसले. एका व्हायकिंग इंजिनात ज्वाळा स्थिर न राहता थरथरू लागल्या होत्या. द्रव ज्या बारीक छिद्रांतून कोठीत फवारला जातो, त्या फवाऱ्याची रचना सुधारावी लागली. रॉकेटच्या अभियंत्यांना या थरथरीची सर्वांत जास्त धास्ती असते, कारण ती गणितात पूर्णपणे सापडत नाही. पुन्हा पुन्हा पेटवूनच पाहावे लागते. दहा वर्षांनी, २२ फेब्रुवारी १९९० रोजी, आणखी एक एरियान कोसळले आणि दोन जपानी उपग्रह गेले. कारण सापडले ते असे, की एका इंजिनाच्या पाण्याच्या नळीत कापडाचा तुकडा राहून गेला होता. हे ऐकून बंधू बराच वेळ गप्प बसले आणि मग म्हणाले, "एवढेसे फडके?" आयुष्यभर कापडाचा व्यवहार पाहिलेल्या माणसाला तो तुकडा डोळ्यांसमोर दिसला असावा.

आपल्याकडेही १० जुलै २००६ रोजी जीएसएलव्हीच्या चार बाजूंच्या 'विकास' इंजिनांपैकी एकाचा जोर उड्डाणानंतर लगेच ओसरला आणि इन्सॅट-४ सी उपग्रहासह रॉकेट बंगालच्या उपसागरावर नष्ट झाले. चौकशीत दोष निघाला द्रवाचा प्रवाह नियंत्रित करणाऱ्या एका लहान भागात. घडवताना चूक झाली होती आणि तपासणीत ती निसटली होती.

येथवर द्रव इंधनाची गोष्ट झाली. दुसरी शाखा घन इंधनाची, आणि तिच्यात एका मराठी माणसाचे नाव फार वर आहे. डॉ. वसंत गोवारीकर आपल्याला मान्सूनच्या अंदाजासाठी माहीत आहेत. पण त्यांचे मूळ काम रॉकेटच्या इंधनाचे. बर्मिंगहॅम येथे डॉक्टरेट मिळवलेला हा रसायन अभियंता साराभाईंच्या बोलावण्यावरून १९६७ साली थुंब्याला आला. तेथे तेव्हा सोयी जवळपास नव्हत्याच. घन इंधन म्हणजे रबरासारख्या पदार्थात मिसळलेली रसायने आणि अ‍ॅल्युमिनियमची भुकटी. ते नळकांड्यात ओतून घट्ट करतात. त्यात हवेचा एखादा बुडबुडा किंवा बारीकशी चीर राहिली तर सारे फुटते. आणि एकदा पेटले की विझवता येत नाही. १८ जुलै १९८० रोजी एसएलव्ही-३ ने ३५ किलोचा रोहिणी उपग्रह कक्षेत सोडला, त्याचे चारही टप्पे घन इंधनाचे होते. तेव्हा गोवारीकर त्रिवेंद्रमच्या विक्रम साराभाई अवकाश केंद्राचे संचालक होते.

हे घन इंधन ज्या पोलादी नळकांड्यांत भरतात, ती कोठे बनतात? पुणे जिल्ह्यातील इंदापूर तालुक्यात, वालचंदनगरला. साखर कारखान्यांची यंत्रे घडवणाऱ्या या गावाने १९७० च्या दशकापासून इस्रोची कामे केली आहेत. चांद्रयान-३ च्या रॉकेटला दोन्ही बाजूंना जे दोन प्रचंड बूस्टर होते, प्रत्येकात सुमारे २०० टन इंधन, व्यास ३.२ मीटर, त्यांचे भाग तेथे बनले. हे गाव वसवणारे वालचंद हिराचंद दोशी सोलापूरचे, १८८२ चा जन्म, आपल्याच समाजातले; घरचा धंदा कापसाचा आणि सावकारीचा. तो सोडून त्यांनी बार्शी लाइट रेल्वेच्या कंत्राटात लक्ष्मणराव फाटकांची भागीदारी धरली, तेव्हा सोलापुरातही अशीच शांतता पसरली असेल, असे मी बंधूंना म्हणालो. १९४० मध्ये म्हैसूर संस्थानच्या साथीने त्यांनी बंगळुरात विमानांचा कारखाना काढला. तो पुढे सरकारकडे गेला. आज त्यालाच आपण एचएएल म्हणून ओळखतो. २७ सप्टेंबर २०२२ रोजी राष्ट्रपतींच्या हस्ते त्याच एचएएलमध्ये क्रायोजेनिक इंजिने घडवणाऱ्या विभागाचे उद्घाटन झाले.

या टप्प्यावर वहिनींनी वेगळाच प्रश्न काढला. त्या नियमाने स्वाध्याय करणाऱ्या. श्रावकाने टाळावयाच्या पंधरा कर्मादानांत पहिलेच अंगारकर्म आहे, अग्नीवर उपजीविका. मग घरातल्या मुलीने आयुष्यभर आगच पेटवत बसायचे का? आणि ही इंजिने उद्या क्षेपणास्त्राला लावली तर? शास्त्रार्थ करण्याचा माझा अधिकार नाही, तो साधू-साध्वींचा. दुसऱ्या प्रश्नाला मात्र मी जे खरे तेच सांगितले. एसएलव्ही-३ च्या पहिल्या टप्प्याची घन मोटर पुढे 'अग्नी' क्षेपणास्त्राच्या पहिल्या चाचणीत वापरली गेली. तेव्हा संबंध नाही असे म्हणता येणार नाही. क्रायोजेनिक इंजिनाची गोष्ट निराळी. उणे २५३ अंशांवरचा द्रव हायड्रोजन आधी भरून तयार ठेवता येत नाही, तो उडत जातो. म्हणून शस्त्रासाठी ते कुचकामाचे. वहिनींचे समाधान झाले असे मी म्हणणार नाही. मुलगीच म्हणाली, "आजी, चक्रीवादळाची सूचना देणारा उपग्रहही याच आगीवर जातो." त्यावर वहिनी एवढेच म्हणाल्या, की मग तू कोणत्या खात्यात जातेस ते मला विचारून ठरव. मुलीने मान डोलावली. ते वचन आमच्या घरात लेखी कराराइतकेच पक्के आहे.

क्रायोजेनिकची कथा मात्र किमतीची कथा आहे. १९९१ मध्ये सोव्हिएत संघाशी करार झाला. १९९२ मध्ये अमेरिकेने निर्बंध घातले. १९९३ मध्ये रशियाने तंत्रज्ञान देण्यास नकार देऊन केवळ तयार इंजिने देऊ केली. म्हणजे कापड मिळाले, विणकाम नाही. आपल्या अभियंत्यांनी स्वतःचे इंजिन बनवले, ते १५ एप्रिल २०१० रोजीच्या पहिल्या उड्डाणात फसले, आणि ५ जानेवारी २०१४ रोजी यशस्वी झाले. याच काळात, ३० नोव्हेंबर १९९४ रोजी, नंबी नारायणन यांना हेरगिरीच्या खोट्या आरोपाखाली अटक झाली. १९९६ मध्ये सीबीआयने आरोप निराधार ठरवले. १४ सप्टेंबर २०१८ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ५० लाख रुपयांची भरपाई देण्याचा आदेश दिला. शंभर मनुष्यवर्षे मिळवून आणणाऱ्या माणसाची स्वतःची चोवीस वर्षे निर्दोषत्व सिद्ध करण्यात गेली. त्या चोवीस वर्षांवर कोणत्या दराने व्याज लावावे, हे माझ्या कोणत्याही पुस्तकात नाही. आणि ते पन्नास लाख वाचून मला बरे वाटले नाही.

हे सारे मी मुलीपासून लपवले नाही, बंधूंपासूनही नाही. मिळकतीच्या प्रश्नाचे उत्तर मी त्यांना बँकेच्याच भाषेत दिले. पगार बरा असतो, दुकानाच्या मानाने कमी, बढती सावकाश, आणि ज्या यंत्रावर उमेद खर्च करावी ते उडेल तेव्हा केस पांढरे झालेले असतात. बंधू म्हणाले, "म्हणजे बाग लावण्यासारखे." मी म्हटले, बाग निदान डोळ्यांसमोर राहते, हे इंजिन दोनशे सेकंद जळून समुद्रात जाते. त्यांनी दोन दिवस घेतले आणि तिसऱ्या दिवशी प्रवेशशुल्काचा धनादेश लिहिला, मला न विचारता.

ती आता दुसऱ्या वर्षाला आहे. यंदा उन्हाळी सुट्टीत तिने आजोबांकडे हट्ट धरला, की ओळखीच्या एखाद्या मागाच्या कारखान्यात न्या, पुस्तकातले बेअरिंग प्रत्यक्ष बघायचे आहे. तेथील जॉबर उत्तर प्रदेशातला, तीस वर्षे भिवंडीत काढलेला. बेअरिंग जाणार हे आधी कसे कळते, असे तिने विचारले. तो म्हणाला, "बेटी, आवाज बदल जाती है." कशी बदलते, ते तिला हवे होते. त्याने एक माग बंद केला, दुसरा चालू ठेवला, मग तिसऱ्यापाशी नेऊन तिला लोखंडावर हात ठेवायला लावला, आणि ती वहीत लिहीत राहिली. खटखटाटात एकमेकांचे बोलणे ऐकू येत नव्हते, म्हणून दोघे निम्मे हातवाऱ्यांनी बोलत होते. थोरले बंधू एका रिकाम्या बीमवर बसून हे दोन तास पाहत होते. त्या दिवशी आमचे दुकान सकाळी दहाऐवजी दुपारी एक वाजता उघडले.